उन्हावरचा भात

आमच्या घरात सूर्य आला तो सूर्यास्तानंतर, सरकारी जीपच्या मागच्या बाकावरून, गोणपाटात गुंडाळून. आकाराने प्रवासाच्या पेटीएवढा होता. जीपच्या चालकाने तो ओसरीवर ठेवला, कपाळ पुसलं आणि विचारलं, "सार, आत काय आहे? फार जड आहे." मी म्हणालो, "काही नाही. रिकामी पेटी आहे." ते जवळजवळ खरंच होतं.

त्या वर्षांत घरोघर बरंच काही येत होतं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीची काचेची खोली आली. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर केबलच्या तारा आल्या. कन्याकुमारीच्या वाटेवर माळावर पांढऱ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि त्या पाहायला लोक बसच्या एकाच बाजूच्या खिडक्यांवर गर्दी करू लागले. देश उघडला, असं वर्तमानपत्रं रोज सांगत. आमच्या घरात मात्र स्वयंपाकाच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यांच्यामधलं दार माझ्या लग्नापासून, म्हणजे नऊ वर्षं, बंद होतं.

आमची गल्ली तंजावूरच्या राजवाड्याच्या मागे आहे. मराठे राजे इकडे आले तेव्हा त्यांच्यामागून कारकून आले. पुढे राजे गेले, कारकून उरले. मीही जिल्हा कचेरीत कारकूनच होतो, त्यामुळे घराण्याची परंपरा मोडल्याचा आरोप माझ्यावर कोणी करू शकत नाही. घरी आम्ही मराठी बोलतो. पुण्याचा माणूस ती आधी आदराने ऐकतो आणि मग हळूच विचारतो, ही कोणती भाषा.

पुढच्या स्वयंपाकघरात गॅस होता आणि माझी बायको होती. मागच्या खोलीत चूल होती आणि आत्या होती.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली आणि मी पाच वर्षांचा असताना आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिचं सोवळं कडक. पहाटे आंघोळ, दोरीवर उंच वाळत घातलेलं लुगडं काठीने काढून नेसायचं, आणि मग स्वतःच्या चुलीवर स्वतःच्या हाताने शिजवलेलं तेवढंच खायचं. दुसऱ्याच्या हातचं विस्तवावर शिजलेलं अन्न तिने पन्नासहून अधिक वर्षांत खाल्लं नव्हतं. बायको किनाऱ्याकडच्या गावातली, तमिळ, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. तिच्या माहेरी मासे शिजत. आमच्या घरात तिने मासा कधी आणला नाही, पण आत्याच्या लेखी तो तिच्या हाताला कायमचा चिकटलेला होता.

दोघींचं भांडण मी कधी पाहिलं नाही. भांडायला बोलावं लागतं. आत्या मला मराठीत सांगे, "तिज सांग, मल्लिगैचा गजरा कोनाड्यात ठेवलाय." बायको दोन हातांवर उभी असे आणि तिला सगळं समजत असे. ती मला तमिळमध्ये म्हणे, "अत्तैना सांगा, मिळाला." मी सांगत असे. तारायंत्राच्या खांबाला बातम्यांचं काही वाटत असेल का, असा विचार माझ्या मनात तेव्हा अनेकदा येई.

मग आत्याला धाप लागू लागली. मागच्या खोलीला धुराडं नव्हतं, एक झरोका होता, आणि पावसात ओली झालेली लाकडं दिवसभर धुमसत. डॉक्टरांनी छाती तपासली आणि बाहेर येऊन मला सांगितलं, "धूर बंद करा. नाहीतर श्वास बंद होईल. दोन्हींतलं एक लवकर निवडा."

आत्याने त्याच दिवशी चूल सारवून बंद केली. मला वाटलं, सुटलो. पण तिने चूल बंद केली, सोवळं नाही. मी गॅसची दुसरी शेगडी मागच्या खोलीत लावून देतो म्हणालो.

"त्यास वास येतो," आत्या म्हणाली.

"वास मुद्दाम घालतात आत्या. गळला तर कळावा म्हणून."

"ज्यात मुद्दाम घाण घालावी लागते तो अग्नी कसला रे? मज नको."

विजेची शेगडी आणली. आमच्याकडची वीज त्या काळी पाहुण्यासारखी होती. येणार म्हणून कळवायची आणि यायची नाही. दोन दिवस तांदूळ कोमट पाण्यात पोहत राहिले. तिसऱ्या दिवशी आत्याने शेगडी पुसून कोनाड्यात ठेवली आणि भिजवलेले पोहे, केळं आणि ताक यांवर राहू लागली.

एक आठवडा गेला, मग तीन. तिने तक्रार केली नाही. पण मी तिच्या लुगड्याकडे पाहत होतो. नऊवारीचा कमरेभोवतीचा वेढा दर आठवड्याला थोडा पुढे सरकत होता. बायकोनेही ते पाहिलं होतं. एका संध्याकाळी वह्या तपासता तपासता ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या हातचं खाण्यापेक्षा त्या मरतील. मला त्याचं वाईट नाही वाटत. पण त्या खरंच मरतील हो."

याच सुमारास ओरत्तनाडूला सौर ऊर्जेचा सोहळा ठरला. जुन्या छत्राजवळच्या, म्हणजे राजांच्या काळातल्या धर्मशाळेजवळच्या, शाळेच्या मैदानात मांडव, गावकऱ्यांसमोर सूर्यचुलीवर भात शिजवून दाखवायचा आणि मोठ्या पाहुण्यांनी पहिला घास घ्यायचा. माझ्याकडे खुर्च्यांचं काम होतं. पाहुणे अकराला येणार होते. भात एकला तयार झाला. दोनला निरोप आला, निघालेत. तीनला शाळेतल्या मुलांनी तो भात खाऊन टाकला, आणि त्या सोहळ्यातलं एवढं एकच काम माझ्या मते वेळेवर झालं. पाहुणे पोचले तेव्हा सूर्य नारळीच्या झाडांमागे गेला होता. डिझेलचं जनित्र लावून हॅलोजनचे दिवे पेटवले. स्वच्छ ऊर्जेवरचं भाषण त्या धुरात आणि धडधडीत चाळीस मिनिटं चाललं. मागे शाळेच्या माध्यान्ह भोजनाच्या चुलीवर घाईने दुसरा भात शिजवला गेला, आणि एका शिपायाने तो मांडवाच्या कनातीआडून आणून पेटीत ठेवला. पाहुण्यांनी काचेचं झाकण उघडलं, घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सूर्याची चव!" टाळ्या वाजल्या.

सगळे गेल्यावर पेटी मैदानात एकटीच राहिली. साहेब मला म्हणाले, "घरी ने. वापरून बघ आणि अहवाल दे." सोबत छापील फॉर्म दिला. त्यात 'कुटुंबाचे मत' असा एक रकाना होता. फॉर्म छापणाऱ्याला कुटुंब नसावं.

रात्री बायकोने ओसरीवर पेटी उघडली. आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, आणि आत चार काळी झाकणाची भांडी. आरशाने ऊन काचेवर पाडायचं, काचेतून आत गेलेली उष्णता बाहेर येत नाही, दोन-तीन तासांत भात होतो. ती मला समजावत होती, पण आवाज मागच्या खोलीपर्यंत जाईल इतका चढवून. मी तिला म्हणालो, मला ऐकू येतं. ती म्हणाली, "माहीत आहे."

सकाळी आत्या भिंतीला धरून बाहेर आली. पेटीभोवती एक फेरी मारली.

"विस्तव कोठे?"

"विस्तव नाही. नुसतं ऊन."

"लाकूड, कोळसा, तेल?"

"काही नाही."

ती खांबाला टेकून बसली आणि विचार करू लागली. अडचण अशी होती की ऊन गच्चीवर आणि गच्चीला एकोणीस पायऱ्या. आत्याच्या छातीला त्यांतल्या चार झेपत. मी नऊला कचेरीत जायचो. म्हणजे पेटीत भांडी ठेवणं, सूर्यामागे पेटी फिरवणं, भात उतरवून आणणं, हे सगळं माझ्या बायकोलाच करावं लागणार. तिची शाळा सकाळची असे, अकराला ती घरी येई. आणि तिच्या हातून आलेला शिजला भात म्हणजे पन्नास वर्षं ज्याला नको म्हटलं तेच.

आत्याने दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत आमच्या घरात जो शास्त्रार्थ झाला त्याचे दोन्ही पक्ष तिने एकटीनेच मांडले. मी हिंदोळ्यावर बसून ऐकत असे.

"वडाम कोण घालतं?" तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं. वडाम म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चकत्या. उन्हाळ्यात आमच्याकडे प्रत्येक गच्चीवर धोतरं अंथरून त्या वाळत घालतात.

"सगळे घालतात."

"शेजारच्या घरचे आणून देतात ते वडाम मी घेते कां?"

"घेतेस."

"वाळवलेली मिरची? मीठ लावलेली कारली?"

"तीही घेतेस."

"कां? उन्हास विटाळ नाही म्हणून. विस्तवावर करतो तो स्वयंपाक. उन्हात होतं ते वाळवण." ती जरा थांबली, धाप ओसरू दिली. "तो भात म्हणजे वाळवण. फक्त जरा ओलं."

मी अनेक न्यायालयांचे निकाल वाचले आहेत. इतका सरळ चेहरा ठेवून दिलेला निकाल वाचल्याचं आठवत नाही.

"म्हणजे ती..." मी बायकोकडे पाहिलं.

"वाळवण राखायला कोणीही बसतं," आत्या म्हणाली. "कावळे येतात. पण भांडी माझी मी घासेन. तिज सांग."

दुसऱ्या दिवशी बायको शाळेतून आली, तोवर आत्याने भांडी तयार ठेवली होती, तांदूळ, डाळ आणि पाणी घालून, झाकण लावून, पायरीवर. बायकोने ती पदराखाली झाकून वर नेली, कारण ऊन तळपत होतं आणि आम्ही दोघंही बावरलो होतो. मी त्या दिवशी रजा टाकली होती. अर्जात कारण लिहिलं, कौटुंबिक.

एक वाजला, दोन वाजले. बायको तीनदा वर जाऊन पेटी फिरवून आली. अडीचला तिने भांडं उतरवून पायरीवर ठेवलं. आत्याने झाकण काढलं. तांदूळ फुगले होते, पण दाणा मधोमध कडक.

आत्याने दाणा चिमटीत दाबून पाहिला. भांड्यावर झाकण ठेवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सूर्यासही पटलं नाही, पाहा." आणि पोह्यांच्या डब्याकडे हात नेला.

बायको पायरीवरच उभी होती. ती एकदम खाली वाकली, भांडं उचललं आणि उजेडात फिरवलं. गच्चीवर आरशाच्या झळाळीत तिच्या ते लक्षात आलं नव्हतं; भांडं चंद्रासारखं लखलखत होतं.

"अत्तै," ती म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा खांब वगळून. "याचा काळा रंग कुठे गेला?"

"रंग?" आत्या रागावली, आणि रागाच्या भरात तीही थेट बोलली. "तो रंग होता? मज वाटलं कोण्या सरकारी माणसाने करपवून ठेवलीत! काल दिवसभर घासत होते. राख, चिंच, वीट, काथ्या. चारही! नवी भांडी कोणी इतकी काळी देतं?"

चूल बंद झाल्यापासून जिला उभं राहवत नव्हतं ती बाई दिवसभर बसून कारखान्यात भाजलेला रंग खरवडत होती. बायको जोरात हसली. मी घाबरलो. पण आत्या तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

बायको पायरीवर बसून तिला सांगू लागली, वर्गात सांगावं तसं, तमिळमध्ये, सावकाश. चकचकीत भांडं ऊन परत फेकतं. काळं भांडं ऊन पितं. शाळेतून फळ्याचा काळा रंग आणता येईल, पण तो वाळून वास जायला आठवडा लागेल.

"आठवडा कशास?" आत्या म्हणाली. "काळं लावायचंच ना बाहेरून? काजळ धर."

"मला येत नाही."

"विज्ञान शिकवतेस ना?"

आत्याने एरंडेलाची पणती मागवली. कापडाची जाड वात केली, दोन विटा ठेवल्या आणि त्यांवर भांडं पालथं घातलं. वातीची ज्योत भांड्याच्या बुडाला टेकली आणि काजळी धरू लागली. तिने एक थर धरल्यावर बोटाने तेलाचा थेंब घेऊन तो सारखा केला, भांडं किंचित फिरवलं, पुन्हा ठेवलं. लग्नाच्या वर्षी ती काजळ धरायला शिकली असणार आणि त्यानंतर लगेचच तिला ते लागेनासं झालं. तिचा हात मात्र काहीच विसरला नव्हता. तासाभरात भांडी अमावास्येसारखी झाली. तिची बोटंही.

एका विटेवर थोडं काजळ उरलं होतं. आत्याने ते बोटाने निपटून एका कवडीत काढलं आणि कवडी फरशीवर, दोघींच्या मधोमध ठेवली. हातात दिली नाही. "डोळ्यांत घालायचं तर घे," ती म्हणाली. "वाया कशास घालवायचं."

दुसऱ्या दिवशी बायको काजळ घालून शाळेत गेली. आणि दुपारी दीड वाजता आत्याने भाताचं झाकण काढलं तेव्हा वाफ आली.

तिने पहिला घास खाल्ला. मी रजा एक दिवस वाढवून दाराशी उभा होतो, बायको दाराच्या मागे. आत्याने बराच वेळ चावला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"मऊ आहे." दुसरा घास घेतला. "वरणास फोडणी नाही."

"उन्हात फोडणी होत नाही आत्या. मोहरी तडतडण्याइतकं ते तापत नाही."

"असू दे. माझं आयुष्य कोठे तडतडलं? चालतं." आणि तिने तिसऱ्यांदा भात वाढून घेतला.

तीन महिने ते चाललं. रोज अकराला भांडी पायरीवर, दीडला पुन्हा पायरीवर. मधल्या वेळात बायको गच्चीवरून आणि आत्या खालून एकमेकींशी ओरडून बोलत, ढग आलाय का, पेटी फिरवली का, शेजारणीने पुन्हा आपल्या दोरीवर कपडे घातले का. मला कोणी काही सांगायला लावत नव्हतं. काम गेलेल्या माणसाला वाटतं तसं मला थोडं वाटलं. लुगड्याचा वेढा हळूहळू मागे सरकला. सरकारी फॉर्मचे बहुतेक रकाने मी भरले. एकच राहिला होता: 'ढगाळ हवामानातील कामगिरी'.

आमच्याकडे पाऊस दिवाळीच्या सुमारास येतो आणि आला की बसतो. त्या वर्षी तो आला आणि तीन दिवस आकाश उघडलं नाही. चौकात पाणी साचलं. आत्याने पोह्यांचा डबा काढला. ओल्या हवेने तिची धाप वाढली होती. तिसऱ्या दिवशी तिने पोहेही अर्धे टाकले.

चौथ्या दिवशी रविवार होता. भर पावसात, अकराच्या सुमारास, आत्याने काय विचार केला कोण जाणे, पण चारही भांडी तांदूळ-डाळ घालून पायरीवर ठेवलेली होती. मी वर पाहिलं. आभाळ शिशासारखं होतं.

बायकोने भांडी उचलली. ती जिन्याकडे गेली नाही. पुढच्या स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज पावसात फारसा ऐकू येत नाही. पण अर्ध्या तासाने ती बाहेर आली, पदराखाली भांडी, एका हातात छत्री, आणि एकोणीस पायऱ्या चढून भिजत गच्चीवर गेली. पेटी उघडली, भांडी आत ठेवली, झाकण लावलं. आणि छत्री घेऊन पेटीशेजारी उभी राहिली, वाळवणाशेजारी कावळ्यांसाठी उभं राहतात तशी. हा प्रकार मी याआधी ओरत्तनाडूला पाहिला होता. तिथे टाळ्या वाजल्या होत्या. इथे पागोळ्या वाजत होत्या.

दीडला भांडी पायरीवर आली. आत्याने पान मांडलं. झाकण काढताच वास आला. भात तळाला लागला होता. बायकोचं लक्ष पावसाकडे, जिन्याकडे, सगळीकडे होतं, फक्त ज्योतीकडे नव्हतं. आणि पेटीतला भात कधीही करपत नाही, हे तीन महिने रोज खाणाऱ्याइतकं कोणाला माहीत असणार?

आत्याने करपलेला पापुद्रा बोटाने उचलून पानाच्या कडेला ठेवला. बाहेर पाऊस कोसळत होता. तिने वर झरोक्याकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथे बायको केसांचं पाणी पिळत उभी होती.

"आज ऊन फार होतं कां गं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. "हो अत्तै," ती म्हणाली. मराठीत. "थोडं जास्त झालं."

आत्याने वरण कालवलं आणि घास घेतला. मग दुसरा. पानातला अर्धा भात संपल्यावर ती म्हणाली, "इतकं तापलंच होतं, तर चार मोहऱ्या टाकायला काय झालं होतं?"

संध्याकाळी मी फॉर्म काढून शेवटचा रकाना भरला. 'समाधानकारक. तळाला किंचित लागते.' साहेबांनी तो न वाचता सही करून पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवशीही पाऊस होता, आणि त्यापायी कचेऱ्यांना सुट्टी दिली होती. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. पुढच्या स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा आवाज आला, हिंगाचा वास आला. मागच्या खोलीत आत्याने पान मांडलं. आणि मग जिन्याच्या तोंडाशी छत्री उघडल्याचा आवाज आला.